चौकटीत उमटलेले पाय

चौथीच्या मुलांना दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येनं गुणायला सांगितलं की ती हातच्यात अडकायची. हातचा कधी मिळवायचा, दुसऱ्या ओळीत फुली कशाला द्यायची, हे मी पंधरा दिवस समजावत होते. शेवटी फळा सोडला आणि त्यांना अंगणात नेलं.

आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवर आमची दोन शिक्षकी शाळा. दिवाळी होऊन गेलेली. निम्म्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. शाळेच्या तिन्ही बाजूंनी डोक्याएवढी तूर उभी होती.

मी अंगणात पाणी शिंपडलं आणि पांढऱ्या फक्कीनं मोठी चौकट आखली. चौतीस गुणिले सव्वीस. वर तीस आणि चार, डाव्या बाजूला वीस आणि सहा, आत चार घरं. प्रत्येक घरात एकजण उभा राहिला आणि आपापला गुणाकार सांगू लागला. सहाशे. ऐंशी. एकशे ऐंशी. चोवीस. बाकीच्यांनी बेरीज केली, आठशे चौऱ्याऐंशी. आजवर गणिताची पाटी कोरीच ठेवणारी एक मुलगी म्हणाली, "एवढंच हाय व्हय?" त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी सगळ्यांत आधी आली. तिला सोडायला तिचे आजोबा आले होते. मी कुलूप काढत होते तेव्हा ती अंगणातून म्हणाली, "म्याडम, चोवीसच्या घरात कुणीतरी पाय दिलाय."

"कुत्रं असेल गं."

आजोबा खाली वाकले. ठशाशेजारी त्यांनी आपला पंजा टेकवून पाहिला. "कुत्र्याची नखं उमटतात, म्याडम. ह्यात नखंच न्हाईत." मग ते ठशांमागं चालत गेले. ठसे तुरीतून निघून चौकट ओलांडत वर्गाच्या पायरीपर्यंत आले होते आणि तिथूनच परत फिरले होते. "दारापर्यंत आलतं," ते हळूच म्हणाले. "बिबट्या हाय. लेकरं आत घ्या. मी सगळ्या वस्त्यांवर सांगून येतो."

दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते. मी वनखात्याला फोन केला. दुपारपर्यंत येतो म्हणाले. तोवर सतरा मुलं जमली होती. दार लावून मी त्यांना आत बसवलं. नुसतं बसवून ठेवलं तर ती जास्त घाबरतील, म्हणून फरशीवर खडूनं चौकट काढली. सत्तेचाळीस गुणिले तेवीस. एरवी गलका करणारी मुलं कुजबुजत गुणाकार करत होती.

अकराच्या सुमाराला त्या मुलीनं करंगळी वर केली. स्वच्छतागृह अंगणाच्या टोकाला, तुरीला लागून. मी एका थोराड मुलीला आतून कडी लावायला सांगितलं, काठी घेतली आणि हिच्याबरोबर गेले. ती आत गेली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

सकाळपासून वस्तीवरची कुत्री भुंकत होती. ती एकदम गप्प झाली. वारा नव्हता. तरी समोरची तूर हलली, थांबली, आणि थोडी अलीकडे पुन्हा हलली.

"म्याडम, झालं."

मी मागच्या मागं आत शिरले आणि कडी लावली.

"कावून?" तिनं विचारलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर काहीतरी जड अंग भिंतीला घासत गेलं. मग काहीच ऐकू आलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. वर्गात सोळा मुलं होती. मला शोधायला एखाद्यानं दार उघडलं तर, एवढाच विचार डोक्यात होता. मी झरोक्याला तोंड लावून ओरडले, "दार उघडू नका! मी आल्याशिवाय उघडू नका!" वर्गातून बारीक आवाज आला, "म्याडम, एक हजार एक्क्याऐंशी आलं. बरोबर हाय का?"

माझ्या हाताखालून ती मुलगी पुटपुटली, "बरोबर हाय."

जीप येईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. वनखात्याच्या माणसांना स्वच्छतागृहामागं ताजे ठसे सापडले. त्यांनी शाळेजवळ पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली. आठवडाभर शाळेत कुणी आलं नाही. मी एकटीच वर्गात बसून शेळीचं ओरडणं ऐकत असे. बिबट्या काही अडकला नाही. पुढं दुसऱ्या गावात तो दिसला म्हणून पिंजरा तिकडं गेला.

मुलं परत आली. चौकटीचा गुणाकार त्यांना पक्का झाला, तीन अंकीसुद्धा करू लागली. पण अंगणात वर्ग मी पुन्हा घेतला नाही. त्या मुलीचे आजोबा रोज यायचे आणि शाळा सुटेपर्यंत कुऱ्हाड मांडीवर घेऊन पायरीवर बसायचे.

तूर निघाली, रान मोकळं झालं, तरी त्यांचं येणं थांबलं नाही. एकदा मी म्हणाले, "बाबा, आता लांबपर्यंत दिसतंय सगळं."

त्यांनी रानावरची नजर काढली नाही. "दिसतंय तर," ते म्हणाले. "पर ते दबून बसलं की ढेकळावानीच दिसतंय, म्याडम."