वाफ केव्हा सोडायची

माझ्या नणंदेची मुलगी अनुपमा पोलादपूरकडच्या डोंगरातली. कॉलेजसाठी महाडला आमच्याकडे आली आणि राहिलीच. संध्याकाळी देवापुढे दिवा तीच लावायची.

२००४ साली शरद सरांच्या छोट्या कॉम्प्युटर ऑफिसात तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम वेळेत पोचवलं, तर नोकरी कायम होणार होती. तिथल्या मोठ्या भांड्यात वाफ केव्हा सोडायची, हे प्रोग्रामनं ठरवायचं. प्रोग्रामच्या ओळींवर त्यांचा अर्थ सांगणाऱ्या टिपा असतात, कॉमेंट म्हणतात त्यांना. त्या आपोआप मराठीत लिहिणारं साधन अनुपमानं केलं होतं. कॉम्प्युटर बंद पडला, तर कामगारांनी त्याच टिपांच्या कागदावरून हातानं काम चालवायचं होतं.

एका सकाळी मी कुकर लावत होते. ती साधनानं लिहिलेली एक टीप मोठ्यानं वाचत होती, "झाकण बंद नसेल किंवा गार पाणी सुरू नसेल, असं नसेल तर वाफ सोडा."

"अगो, किती ते नाही-नाही! सरळ सांग की."

ती हसली. "मामी, हेच करायचं राहिलंय." दोन दिवसांत तिनं साधनाला नकार काढून टाकायला शिकवलं. टिपा कशा सुटसुटीत झाल्या. मीही कौतुक केलं.

काम पोचवायच्या दिवशी भांड्यावरच्या रावजींना तिनं कागद वाचून दाखवला. पुढचं तिनंच घरी येऊन सांगितलं.

"झाकण बंद असेल किंवा गार पाणी सुरू असेल तर वाफ सोडा."

रावजींनी कागदावर बोट ठेवलं. "ताय, झाकण उघडं हाय, पन पानी सुरू हाय. मंग सोडू वाफ?"

"नाही हो!"

"कागद तर सोड म्हनतो. माझ्या मिश्या जाळायच्या हायत काय गो?"

आजूबाजूचे हसले. अनुपमानं टीप पुन्हा वाचली. नकार काढताना मधला 'किंवा' तसाच राहिला होता, तिथे 'आणि' व्हायला हवा होता. प्रोग्राम बरोबर होता, टीप चुकली होती. आणि अशा टिपा शंभरावर होत्या. कारखान्याचे साहेब काम मिळाल्याच्या कागदावर सही करायला पेन काढून शेजारीच उभे होते, शरद सरही होते. तिनं साहेबांच्या हातून तो कागद मागून घेतला.

"साहेब, आज काम देता येणार नाही. चूक माझी आहे."

परतताना शरद सरांनी वीरेश्वराच्या देवळापाशी गाडी थांबवली. मग म्हणाले, "कायम करायचं आता सहा महिन्यांनी बघू."

त्या रात्री ती जेवली नाही. मला वाईट वाटलं, कारण सरळ सांग असं मीच म्हटलं होतं. पण सकाळी ती माझा कुकर घेऊन बसली. झाकण उघडं, झाकण बंद, नळ सुरू, नळ बंद, असे चारही प्रकार करून प्रत्येक टीप ताडून पाहू लागली. पंधरा दिवस आमचा भात पातेल्यात शिजला.

नवा कागद तिनं आधी रावजींना दिला. त्यांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "झाकण बंद हवं. गार पाणी सुरू हवं. दोन्ही पाहूनच वाफ सोडा."

"आता सोडू?" तिनं विचारलं.

रावजी उठले. झाकण हातानं दाबून पाहिलं, पाण्याची नळी चाचपली, आणि मगच म्हणाले, "आता सोड."