न खाकरता

आमचं दार दिवसभर उघडंच असतं, नुसती जाळी लावलेली. तरी समोरच्या फ्लॅटमधले अण्णा आधी जिन्यात खाकरतात आणि मगच जाळीपाशी येतात. आत कोणी कसंही बसलेलं असलं, तर सावरायला तेवढा वेळ.

गेल्या महिन्यात आम्ही दारावर कॅमेरा बसवला. चोर काही आला नाही. अण्णांचं दार मात्र अख्खं दिसतं. ऑफिसात कंटाळा आला की मी फोन उघडून बघते.

आज दुपारी अण्णांच्या पत्नी, सुमनकाकू, बाहेर आल्या. दार हळूच ओढून घेतलं आणि पायरीवर बसून रडल्या. मग पदराने डोळे पुसले, हसू जमतंय का ते जरा करून बघितलं आणि आत गेल्या. घरच्यांपासून लपवलेलं ते रडणं मी डबा खाता खाता पाहिलं. वर ते चित्रण मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

बनवणाऱ्यांनी या यंत्राला डोळा दिला, घसा द्यायला विसरले. माझ्या फोनमधून मला कोण कोण बघत असेल, तेही कुठे खाकरतात? पण ती तक्रार आता कोणत्या तोंडाने करू?

संध्याकाळी जिन्यात खाकरणं ऐकू आलं. मी फोन पालथा घातला. अण्णांबरोबर काकूही होत्या, हातात खिरीची वाटी.

"तुझ्या कॅमेऱ्याचा किती आधार वाटतो गं," त्या म्हणाल्या. "आमच्याही दाराकडे लक्ष असतं ना?"

अण्णा खाकरले होते. सावरायला वेळ मिळाला होता. तरी मला मान वर करता येईना.