खाजणातली हिरवळ

ओहोटीला खाडीकाठचं खाजण उघडं पडलं, की मी बांधावर बसून बघते. वर कोवळी हिरवळ असते. पण खेकड्यानं बीळ उकरलं की आतून काळाकुट्ट चिखल निघतो, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. तो वास आला की या वयातही माझे पाय आपोआप वर उचलले जातात.

लग्न होऊन आले तेव्हा मी घाटावरची अतिशहाणी. जिथं गवत, तिथं जमीन, एवढंच ठाऊक! जावेबरोबर तिसऱ्यांचे शिंपले वेचायला गेले आणि जवळची वाट म्हणून त्या हिरवळीवर पाय टाकला, तो मांडीपर्यंत आत. खाली माती नव्हतीच. नुसती भिजलेली मुळं नि अर्धवट कुजलेला पाला. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी खोल. आणि भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून चुबुकचुबुक करत पुढं सरकत होतं.

"आडवी पड गो!" जाऊबाई बांधावरून ओरडल्या.

"लुगडं कोरं आहे हो, जाऊबाई!" मी रडत म्हणाले.

"मग लुगडं दे इकडे नि तू खुशाल बुड!"

पडले आडवी, आले सरपटत. जाऊबाई पोट धरून हसल्या. पण घर येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

त्या चिखलात हवा शिरत नाही म्हणे, म्हणून तिथं काहीच पुरतं कुजत नाही. माझी भीतीही तिथंच ताजी असणार. आत्ता समोर एक बगळा ऐटीत चालला आहे. त्याचा पाय जरासा रुतला, आणि श्वास माझा अडकला.