दिनूची सर्व्हिस आणि बाबांचे हात

आमच्या घरात दिनूचे किस्से साठत गेले ते भिलाईच्या लाल धुळीसारखे. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा फडताळावर बसलेले. पाहुणे आले की एकेक निघतो आणि सगळे हसतात. मीही हसते. पण पहिला किस्सा झाला तेव्हा काहीतरी चुकतंय या भीतीनं मी हसले नव्हते, ते कोणी सांगत नाही.

दिनू माझा धाकटा भाऊ. कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत क्लबच्या मागे मुरूम दाबून टेनिसचं कोर्ट केलं होतं. रोलर बाबांच्या सेक्शनच्या लोकांनी फिरवला, म्हणून आमच्या पोरांना सकाळी तिथे मुभा. शाळेतले देशकर सर शिकवायचे. शिफ्टचा भोंगा वाजला की खेळ थांबायचा, कारण त्या आवाजात स्कोअर कोणालाच कळायचा नाही. सगळे पाणी प्यायचे.

एका सकाळी भोंगा वाजला, समोरच्या रशियन इंजिनियर साहेबांनी पेला तोंडाला लावला आणि दिनूनं सर्व्हिस केली. पेला उडून थेट मागच्या कुंपणापाशी!

"प्लॅन्टचं टार्गेट यालेच दिलं वाटते," सर म्हणाले. साहेबसुद्धा ओला शर्ट झटकत हसले. दिनूही हसला, पण आधी त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मग हसला.

•

माझ्या भीतीला घरात किंमत नव्हती, त्यालाही किस्साच कारण. रायपूरहून बीए करून आले त्याच आठवड्यात संध्याकाळी आभाळ एकदम लालभडक झालं. "आग! आग!" करत मी मरोदा वस्तीतली आमची क्वार्टरांची अख्खी ओळ बाहेर काढली. शेजारच्या काकू कणकेच्या हातांनी, लेकरू काखेत घेऊन रस्त्यावर. भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, ओतला की इथलं आभाळ तसंच होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आभाळ लाल झालं की काकू खिडकीतून विचारायच्या, "बाई, आज निघायचं का?"

त्यामुळे दिनूला कमी ऐकू येतं असं मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुले जास्त आयकू येते, त्याले कमी. घराचा हिशेब बरोबर आहे."

•

बाबा क्रेनला खुणा करायचे. साइटवर एवढा गोंगाट की माणसाचा आवाज दोन हातांवरही पोचत नाही, म्हणून खालून हातानं सांगायचं आणि वरच्या ड्रायव्हरनं पाहायचं. वर धरलेली मूठ म्हणजे थांब. तळवा खाली हलवला की हळू. ड्रायव्हरनं हात वर करून 'समजलं' असं दाखवेपर्यंत खालच्यानं खूण सोडायची नाही. वर लोखंड टांगलेलं असतं.

दिवसभर हेच केल्यावर घरी बाबांच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. जेवायला ये, दार लाव, कंदील आण, सगळं हातानं. एकदा आई भात वाढत होती. बाबांनी तळवा खाली हलवला, हळू. आईनं हात वर केला, समजलं. आणि अख्खं भगोनं ताटात उलटं केलं. आठवडाभर बाबांनी आमच्याशी तोंडानं बोलून पाहिलं. जमलं नाही.

•

एका दुपारी दिनू अंगणात रॅकेटची तात ओढत बसला होता. मी मागून गेले आणि पितळेचं ताट फरशीवर सोडलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, कुत्रं पळालं, मीच दचकले. दिनू तात ओढत राहिला.

मग फरशीवर माझी सावली दिसली तसा तो वळला. त्यानं ताट पाहिलं, मला पाहिलं. आई आत गेल्यावर हळूच म्हणाला, "मागच्या सालच्या तापापासून आहे, ताई. कोणाले सांगजो नको."

नागपूरला रेल्वेच्या टीमची निवड व्हायची होती. घेतलं तर ऑफिसात नोकरी, आणि खेळायला देशभर पाठवणार. बाबा पूर्वी दुर्गच्या रेल्वे लाइनवर कामाला होते, त्यामुळे रेल्वेची नोकरी म्हणजे आमच्या घरात काय, हे सांगायला नको.

"बहिऱ्याले कावून घेतीन ते?" तो म्हणाला. "कोर्टावर उभंच करणार नाहीत."

मी शपथ घेतली.

•

दुर्गच्या स्पर्धेत तो तोंडं वाचून खेळला. पण अंपायर खुर्चीवर उंच बसतो, त्याचं तोंड दर वेळी दिसत नाही. सर्व्हिस जाळीला घासली, अंपायरनं पुन्हा टाकायला सांगितलं, तर दिनू पॉइंट आपलाच समजून दुसऱ्या बाजूला जाऊन उभा. असं पुन्हा झालं.

अंपायर खाली वाकून म्हणाला, "सुनाई देता है कि नहीं?"

"जी," दिनू म्हणाला. तेवढं तोंड त्याला दिसलं होतं.

झालं. भिलाईचा पोरगा मिजासखोर, अंपायरला जुमानत नाही, अशी ख्याती रायपूरच्या वाटेवरच्या कुम्हारीपर्यंत गेली. देशकर सरांनी सांगून टाकलं की असल्या पोराला ते नागपूरला नेणार नाहीत.

•

त्या संध्याकाळी माझी शपथ मोडली. बाबांना म्हटलं, दिनूला तोंडानं हाक मारून पाहा.

ते चिडले. म्हणाले, रोज बोलतो मी पोराशी, मले समजणार नाही का? आणि बोलता बोलता थांबले. आपले हात पाहू लागले.

दिनू अंगणात पाठमोरा बसून रॅकेट पुसत होता. बाबा उंबऱ्यावर गेले. "दिनू." मग मोठ्यानं, "दिनू." मग त्यांचा हात आपोआप वर गेला, नेहमीसारखा, आणि पाठमोऱ्या पोराकडे तसाच धरून ते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबा सरांकडे गेले. काय बोलले माहीत नाही. सर नागपूरला न्यायला तयार झाले.

•

मी आणि बाबाही सोबत निघालो. गाडीत दिनूनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तिथे बाबांसारखी हातानं खूण करायची नाही. निवडणारे साहेब समोर बसणार, हात पाहिला की त्यांना कळणार.

तो पहिला सेट जिंकला. साहेब लोक एकमेकांकडे वळून मान हलवत होते. दुसऱ्या सेटमध्ये बाजूच्या कोर्टावरचा बॉल घरंगळत त्याच्या मागे आला आणि अंपायर "थांबा" म्हणाला. दिनूनं सर्व्हिस टाकली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं, आणि त्यानं पुन्हा टाकली. अंपायर खुर्चीवरून उतरला. जाळीपाशी येऊन स्वच्छ म्हणाला, आता एकदा ऐकलं नाही तर बाहेर. हे दिनूला दिसलं. तो पांढरा पडला.

पुढच्या सर्व्हिसला तिसऱ्यांदा बाजूचा बॉल आला, त्याच्या टाचेमागे. अंपायर ओरडला. मी उठले आणि "दिनू" अशी किंचाळले की सगळी माणसं वळली. तो सोडून.

मग मी मूठ वर केली.

बॉल टाकायला वर गेलेला त्याचा हात तिथेच थांबला. त्यानं मला पाहिलं. निवडणाऱ्या साहेबांना पाहिलं, ते माझ्या मुठीकडे बघत होते. त्यानं मान फिरवली, जणू मी कोणीच नाही. सर्व्हिस टाकायचीच असल्यासारखा तो हातातला बॉल जमिनीवर आपटू लागला.

अंपायर पुन्हा उतरायला लागला. शेजारी बसलेले बाबा पुटपुटले, "खाली घेऊ नको. त्यानं दाखवेपर्यंत नाही."

मी नाही घेतली.

दिनूनं रॅकेट काखेत धरली, माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर हात वर केला.