मोजणीत न धरलेली मुलगी

आमच्या घरात तेव्हा दोन चुली होत्या. घर एकच, गंगापूर रोडच्या मागच्या वस्तीतलं, तीन खोल्यांचं. थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरात रांधायच्या आणि मी पडवीत स्टोव्हवर. कारण सांगायला आता लाज वाटते. पाहुण्यांच्या पंगतीत मी त्यांच्या पिठल्यातल्या गुठळ्या वेचून ताटाच्या कडेला मांडून ठेवल्या होत्या. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण त्यांचा अबोला माझ्या रागाहून टिकाऊ निघाला. दहा महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

सासरे थोरल्यांच्या चुलीवर जेवायचे. पण माणूस काही भांड्यांसारखा वाटून घेता येत नाही. मी शाळेत शिकवायला जायचे, नवरा ओझरच्या कारखान्यात, आणि आमची चार वर्षांची मुलगी दिवसभर आजोबांपाशी. दुपारी ती त्यांच्या कुशीतच झोपायची.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांचा खोकला हटेना. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, आणि क्षय निघाला. गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली. मग एका सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. रोग्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाला तपासून घ्यायचं असतं, असं सांगून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच," जाऊबाई म्हणाल्या.

म्हणजे सासरे, ती दोघं नवरा-बायको आणि त्यांचे दोन मुलगे. आमच्याकडे घर मोजायचं ते चुलीवरून. चूल वेगळी झाली की रेशनकार्ड वेगळं, लग्नाचं आमंत्रणसुद्धा वेगळं यायचं. मी पडवीत कणीक मळत होते आणि सगळं ऐकू येत होतं. आम्हा तिघांना गाळलं म्हणून मी मनातल्या मनात चरफडले. नको तर नको, म्हटलं, आणि तोंड उघडलं नाही. त्यांची चौघं जाऊन तपासून आली. कुणाला काही निघालं नाही.

दोनेक महिन्यांनी मुलीला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. जेवण तुटलं, गाल बसले. मी तिला टॉनिकच्या बाटल्या पाजत राहिले. आपण शिकवतो म्हणजे आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती.

एक दिवस शाळेतून आले तर मुलीच्या हातावर निळ्या शाईचं वर्तुळ, आत सुईची खूण. जाऊबाईंनी तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं होतं आणि क्षयाची तपासणी म्हणून हातावर टोचून आणलं होतं.

"कुणाला विचारून नेलंत?" दहा महिन्यांनी माझ्या तोंडून त्यांच्यासाठी निघालेला पहिला शब्द हा.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुपारपासून तिचं अंग कसं तापतं ते मी रोज बघते. तू शाळेत असतेस."

मी दार आपटलं.

तिसऱ्या दिवशी वर्तुळातली जागा लाल होऊन टरारून फुगली. फोटोत छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. आम्ही दोघी तिला घेऊन दवाखान्यात बसलो होतो. नर्सबाईंनी वहीची पानं उलटसुलट चाळली. "ही पोर माझ्या यादीत कशी नाही?"

"माझी चूक," जाऊबाई म्हणाल्या. "चूल वेगळी म्हणून मी धरली नाही."

"मी चुली मोजायला येत नाही, बाई. एका छपराखाली कोण कोण श्वास घेतं, ते मला पाहिजे असतं."

जाऊबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारी होते, आणि ती बोलणी मी त्यांना एकटीला खाऊ दिली. आमची, म्हणजे माझी नि नवऱ्याची, तपासणीही त्याच दिवशी झाली. आम्ही दोघं ठणठणीत निघालो.

मुलीला वर्षभर औषध होतं. गोळी कुटून गुळात कालवायची. माझ्या हातून दिली की ती थुंकून टाकायची, मोठ्या आईच्या हातून मात्र मुकाट गिळायची. त्यामुळे रोज सकाळी मला त्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागे. पहिले काही दिवस नुसतीच उभी राहायचे. मग एकदा चहाचा कप पुढे आला. मग पाट आला. चुली शेवटपर्यंत वेगळ्याच राहिल्या, पण पिठलं आम्ही आळीपाळीनं करू लागलो आणि गुठळ्यांवरून हसूही लागलो. सासऱ्यांचा खोकला थांबला, मुलीचे गाल भरले. खरं सांगायचं तर माझ्या संसारातलं ते फार सुखाचं वर्ष होतं.

शेवटची गोळी गिळून मुलगी अंगणात पळाली, तेव्हा मला राहवलं नाही.

"ताई, त्या दिवशी तुम्ही पाच म्हणालात, ते मी ऐकलं होतं. मी बोलायला हवं होतं."

त्या वाटी विसळत होत्या.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पाच म्हणून मी जरा थांबलेही होते. वाटलं, आता तरी भांडायला येशील."