मिठाने खाल्लेली वायर

माझी जुनी मोटार मला पुरती कळते, असं सबंध घरात फक्त मलाच वाटायचं.

एका सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. आईच्या मांडीवर त्यांचं डोकं ठेवून त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि मी रेवदंड्याहून अलिबागच्या इस्पितळाकडे निघालो. चौलपाशी गाडी बंद पडली. कुणीतरी लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस बोलावून आणला. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही नाही.

"बॅटरी नवी आहे," मी शहाणपणा केला.

"बॅटरी नवी हाय, शेट. जरा गप ऱ्हावा."

एकेक वायर सोडवून तो तिचं टोक जिभेला लावी, थुंके आणि पुढची घेई. शेवटी त्याने माझ्या शेजारची सीट उचलली. खालच्या बॅटरीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडली होती, तिथे हिरवट गंजाचा थर होता.

"मासली हितं ठेवता काय?"

दर रविवारी ओल्या मासळीची टोपली मी त्याच सीटवर ठेवायचो. खारं पाणी वर्षभर खाली गळत होतं.

विडी तोंडात धरून तो चाकूने गंज खरवडू लागला. आई "लवकर करा हो" म्हणत होती. मग ती एकाएकी गप्प झाली. त्याने मागे वळून वडिलांकडे पाहिलं, तोंडातली विडी टाकली आणि वायर तितक्याच काळजीने आवळली. इंजिन लगेच सुरू झालं.

मी घाईघाईने गिअर टाकायला गेलो, तेव्हा त्याने खिडकीतून माझं मनगट धरलं.

"शेट, आता घाई नको. गाडी घराकडं फिरवा."