अकरा मजल्यांची टेकडी

लिफ्टमनकाका आणि टेकडी यांची पहिली भेट झाली तेव्हा सूर्य उगवता उगवता थबकला, पाखरांनी चिवचिव आवरती घेतली आणि एका कुत्र्याने वर केलेला पाय तसाच वर ठेवला. टेकडी लाखो वर्षं एका जागी उभी होती, काका एकतीस वर्षं एका स्टुलावर बसून होते. तेव्हा आधी मान कोणी तुकवायची, हा प्रश्नच होता. काकांनी तिला पायथ्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं. बटण कुठे दिसेना.

अकरा मजली कचेरीत आयुष्यभर माणसं वर-खाली नेणारा हा गृहस्थ. काकूंच्या अंदाजाने तेवढ्यात पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या असत्या, पण त्यातलं एक पाऊलही काकांनी स्वतः उचललेलं नव्हतं. जिना म्हणजे त्यांचा धंद्यातला वैरी. दाढी वाढवलेल्या माणसाकडे न्हावी बघतो तसे ते जिन्याने जाणाऱ्याकडे बघत.

"चढा," काकू म्हणाल्या.

काका जवळच्या दगडावर बसले.

चार महिन्यांपूर्वी कचेरीने लिफ्ट बदलली. नव्या लिफ्टच्या पोटात एक बाई बोलायची. मजल्यांची नावं तीच सांगायची आणि दारही आपसूक लागायचं. काकांना हार घालून घरी पाठवलं. घरी येऊन ते फ्रिजशेजारी स्टूल टाकून बसले ते बसलेच. कोणी स्वयंपाकघराशी आलं की दार उघडायचे, माणूस आत गेला की लावून घ्यायचे. बोलणं मात्र "हं" आणि "अंहं" एवढ्यावर आलेलं.

काकू पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी काजं करता करता त्यांनी काकांच्या तोंडून अकराही मजल्यांच्या बातम्या ऐकल्या होत्या. कोणाला बढती मिळाली, कोणाचा टोप वाऱ्याने उडाला, तिसऱ्यावरचे दोघं एकमेकांशी का बोलत नाहीत. घरच्यांना लिफ्टमध्ये नेण्याची मनाई, म्हणून कचेरी कधी बघितली नव्हती, पण तिथला शिपाईही सांगू शकला नसता एवढं काकूंना ठाऊक होतं. आता घर इतकं शांत झालं की कापडातून सुई गेलेली ऐकू यायची. त्या नादात काकूंनी एका सदऱ्याला खिसा पाठीवर लावला. मग त्यांनी नवऱ्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"रोज टेकडी चढा," त्या पोरसवदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय थकले की मन गप्प बसतं."

"अहो, ते गप्पच बसलंय," काकू म्हणाल्या. "ते बोलायला लागावं म्हणून आलोय."

तर दोन दिवस काका दगडावरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले, साठेक पावलं चढले, थांबले, वाटेकडे तोंड करून ताठ उभे राहिले आणि म्हणाले,

"पहिला मजला."

मागून एक जाडजूड कॅशियर धापा टाकत येत होता. त्याला थांबायला निमित्तच हवं होतं.

"पहिल्यावर काय आहे, काका?"

"आवक-जावक. उतरणारे आहेत कोणी?"

चार महिन्यांतलं ते पहिलं धड वाक्य. काकूंना इतका आनंद झाला, की काका कॅशियरशी बोलले, आपल्याशी नाही, हे घरी जाऊन मशीनवर बसेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढे शाळा उघडायचे दिवस आले, काकूंचं डोकं वर निघेना, आणि काका एकटेच जाऊ लागले. इकडे टेकडीवर भलताच कारभार सुरू झाला. काका प्रत्येक मजल्यावर थांबायचे, तिथल्या खात्याचा एखादा किस्सा सांगायचे, मग पुढे. एका दमात चढायला जाऊन अर्ध्यावरून परत फिरणारी माणसं, गोष्टी ऐकत ऐकत शेंड्याला पोचू लागली. गर्दी वाढली. पण लिफ्टची क्षमता सहा माणसांची. सातव्याला काका नेतील तर शपथ. "पुढच्या फेरीला," म्हणायचे. सहा जणांना वर सोडून खाली यायचे, पुढचे सहा घ्यायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा चढायला सांगितलेली टेकडी काका सकाळी तीनदा चढत होते. घरी यायचे, जेवायचे आणि पसरायचे. बोलायला त्राण कुठलं?

एकदा कॅशियरची बायको गणवेश न्यायला आली.

"तुमचे हे किती गोष्टीवेल्हाळ हो! तुमची तर रोज करमणूक."

काकूंनी सुई बोटात खुपसून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या टेकडीच्या पायथ्याशी रांगेत उभ्या राहिल्या. नेमक्या सातव्या.

"पुढच्या फेरीला," काका म्हणाले.

"अहो, मी आहे."

"दिसतंय गं. पण सहाच."

पाऊण तास काकू त्याच दगडावर बसून धुमसत होत्या. काय काय सुनवायचं ते त्यांनी मनात कापून, टाचून, शिवून तयार ठेवलं. काका खाली आले. रांगेत आणखी चौघं होते. काकांनी हात आडवा केला. "ही फेरी राखीव आहे. साहेबांसाठी ठेवतात तशी."

दोघंच निघाली. काका प्रत्येक मजल्यावर थांबत होते, पण मुकाट्याने. सातव्यावर काकूंचा धीर सुटला.

"इथे कोण बसतं, ते तरी सांगा. जगाला सांगता, मला सांगत नाही. मी काय घोडं मारलंय?"

काकांनी वाटेकडचं तोंड काकूंकडे वळवलं.

"शेवटच्या दिवशी मोठ्या साहेबांना अकराव्यावर सोडलं," ते म्हणाले. "बाहेर पडताना म्हणाले, 'तुझ्याशिवाय कसं होणार रे माझं?' मला भरूनच आलं. म्हटलं, 'होईल साहेब, सवयीने होईल.' तर ते वळले, कानातलं यंत्र काढलं आणि म्हणाले, 'फोनवर बोलतोय.'"

काकूंनी ओठ दाबून धरले.

"घरी आल्यावर तेच सांगायचं होतं. पण तू हसशील असं वाटलं. ते सांगता येईना, मग पुढचं काहीच सांगता येईना."

"छे, हसते कशाला," म्हणेपर्यंत काकूंना असं फिस्सकन हसू फुटलं की त्यांना काकांचा खांदा धरावा लागला. काकांनी रागाने बघितलं. मग त्यांचंही पोट हलायला लागलं. दोघं सातव्या मजल्यावर फतकल मारून बसली. खाली रांगेतले चौघं वाट बघून घरी गेले.

त्या दिवशी काका बोलत बोलत उतरले, बोलत बोलत जेवले आणि झोपेतही काहीतरी बोलले.

वर्षभरात त्यांचा उजवा गुडघा गेला आणि फेऱ्या बंद झाल्या. आता ते दिवसभर मशीनशेजारी स्टूल टाकून बोलत असतात. काकू रोज सकाळी एकट्या टेकडीवर जातात, जरा शांतता मिळावी म्हणून. मध्ये कुठे थांबत नाहीत. बावीस मिनिटं लागतात.